ज्याचा टॅग त्यानेच काढायचा

३ एप्रिल

पोचले एकदाची. बस खालच्या पुलाशी सोडते. तिथून वर टपालाची गाडी. तिच्यात पावाचे ट्रे, एका खोक्यात दोन कोंबड्या आणि मी. चालवणारा म्हणाला, कोंबड्यांना पुढे बसवणार होतो, पण त्या तुमच्यापेक्षा जास्त बोलतात. मी हसले. अशा साध्या थट्टेवर हसून बरेच दिवस झाले होते.

कॅलोवे फ्लॅट हे गाव वीजघरासाठीच वसवलेलं. घरं एका साच्यातली, हिरव्या पत्र्याची, प्रत्येकाच्या मागे लाकडाची रास. निम्म्या घरांना पडदे नाहीत. पण उरलेल्यांच्या धुराड्यांतून धूर निघत होता आणि उन्हात सफरचंदाचं एक झाड इतकं लगडलेलं होतं की मी पिशवी खाली ठेवून बघतच राहिले. मेसचं स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. चूल मोठी, सुऱ्या बोथट, साठ्याच्या खोलीत भोपळे आणि मटण भरपूर. तळ्याचा नळ रिकामा करून दुरुस्ती चालली आहे, तोवर बारा-पंधरा माणसं जेवायला. एवढं मी डोळे मिटून करते.

माझ्या खोलीच्या खिडकीतून तो लाकडी नळ दिसतो. पिंपासारख्या फळ्या जोडून, लोखंडी कड्या आवळून केलेला, आत माणूस हात वर करून उभा राहील एवढा. तळ्यातून निघून रानातून डोंगराच्या कडेपर्यंत जातो. तिथून पुढे पोलादी नळ सरळ खाली, दरीतल्या यंत्रांवर. व्हर्न पत्रात लिहायचा, अख्ख्या बेटाचे दिवे या लाकडाच्या पोटातून जातात, मर्ल, आणि लोकांना वाटतं ते बटणातून येतात.

व्हर्न माझा नवरा. अकरा वर्षांपूर्वी इथे दुरुस्तीच्या कामाला आला आणि परत आला नाही. धुक्यात रानात वाट चुकला असं ठरलं. मी इथे माहेरचं आडनाव सांगितलं आहे, पायबस. ड्रान्सफील्ड ऐकलं की माणसं गप्प होतील, आणि मला गप्प माणसं नकोत.

६ एप्रिल

माणसं ओळखीची होताहेत. डेस हॅलम हा इथला मुख्य. उंच, नीटनेटका, जेवताना पानाकडे बघतो, माणसाकडे नाही. यूरेक हा पोलंडचा, दोरखंडाची आणि चढायची कामं करतो, तोंडाचा फटकळ. माझं सूप चाखून म्हणाला, बाई, आमच्याकडे हे आजाऱ्याला देतात, आणि वर दोन वाट्या प्यायला. क्लॅरी ओट्स सगळ्यांत म्हातारा. त्याचं काम एकच. माणसं नळात असली की वर तोंडाशी बसून राहायचं, सगळे बाहेर येईपर्यंत हलायचं नाही. त्याला राखणदार म्हणतात. डोळे मात्र गेलेत. चहा कपाशेजारी ओततो. मला म्हणाला, पोरी, तुझं तोंड काही मला दिसत नाही, पण तो मोहरीच्या रंगाचा कोट दिसतो, कोट आला की चहा आला.

आज एक गंमत झाली. स्वयंपाकघरातला पाणी तापवायचा बंब बिघडला. यूरेकने बटण बंद केलं, त्याला आपला टॅग बांधला आणि बंब दुरुस्त करून खालच्या औस गावात दारू प्यायला गेला. टॅग तसाच. लाल पुठ्ठ्याचा तुकडा, धोका, चालू करू नका, आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलेलं नाव. बंब ठीक होता, पण बटणाला हात लावायला कोणी तयार नाही. मी म्हटलं, अहो, दोरा तोडते, भांडी राहिलीत. सगळे असे बघायला लागले की जणू मी कुणाच्या थडग्यावर बसते आहे. ज्याचा टॅग त्यानेच काढायचा. टॅग आहे म्हणजे माणूस आत आहे. टॅग नाही म्हणजे माणूस बाहेर आहे. मग तो खालच्या गावात का असेना, परत यायचं, स्वतःच्या हाताने काढायचा. यूरेकला निरोप गेला. तो सगळा घाट चढून शिव्या देत आला, टॅग काढला आणि परत गेला. बाकीचे टेबलावर मुठी आपटून हसत होते.

थेल्मा, दुकान आणि टपाल बघते ती, तिथेच होती. ती म्हणाली, इथे कोणी कोणाचा टॅग तोडत नाही. आता नाही.

आता नाही म्हणजे? मी विचारलं नाही. कांदा चिरत राहिले.

कारण व्हर्नचं सामान मला परत मिळालं, त्यात डबा, स्वेटर आणि त्याचा टॅग होता. टॅग काढलेला, म्हणजे माणूस बाहेर आलेला, म्हणजे नंतर रानात हरवला. सगळ्यांनी हेच सांगितलं आणि न्यायाधीशांनी तेच लिहिलं. पण त्या टॅगचा दोरा कापलेला होता. व्हर्न स्टॅन्ली गावच्या कोळ्याचा मुलगा. त्याच्या बापाची गाठ होती, खेकड्यांच्या पिंजऱ्यांना मारायची. ओली झाली की दगड होते, आणि एक विशिष्ट पीळ उलटा फिरवला की अलगद सुटते. व्हर्नने जन्मात दोरा कापला नाही. वाढदिवसाच्या पुड्याचासुद्धा सोडून, गुंडाळून ठेवायचा. काम संपलं की दोर वळून खुंटीला लावायचा आणि मागे न बघता निघायचा.

त्याचा टॅग दुसऱ्या कोणीतरी कापला. कोणी, एवढंच मला हवं आहे. मेल्यावर माणूस मिळत नाही हे मला कळतं.

१० एप्रिल

आज पहिल्यांदा वर गेले, चहा आणि भोपळ्याचे स्कोन, छोटे गोड पाव, घेऊन. तळ्याच्या काठी झडपघर आहे. पत्र्याची शेड, भिंतीला टेकून एक मोठं लोखंडी चाक. चाक फिरवलं की तळ्याचं पाणी नळात येतं. जमिनीत, नळाच्या माथ्यावर, माणूस उतरेल एवढं गोल तोंड, बाजूला त्याचं झाकण, आणि तोंडात दोराची शिडी. शेजारी खुर्चीवर क्लॅरी.

आत माणसं काम करत होती, त्यांचे टॅग चाकाला बांधलेले. मला ओळखीची नावं वाचायला मजा वाटली. तेवढ्यात डेस माझ्या आणि चाकाच्या मध्ये येऊन उभा राहिला. म्हणाला, स्कोन गरम आहेत तोवर द्या बाहेर. मी दिले. सगळे वर आले, आपापले टॅग सोडून खिशात घातले आणि खायला बसले. मी रिकामा डबा न्यायला परत आत गेले तर चाकाला एक टॅग तसाच.

मी क्लॅरीला म्हटलं, एक माणूस आत राहिला वाटतं. तो म्हणाला, नाही पोरी, सगळे आले. तो जुना आहे, चिकटून बसलाय. यूरेक दारातून म्हणाला, क्लॅरी, तू आपला चहा पी.

जुना म्हणाला. पण लाल रंग नवा होता. खाली दोऱ्यातून पाणी ठिबकत होतं.

१३ एप्रिल

रविवार. मटणाचा रोल केला, आत पाव आणि ओवा, दोऱ्याने आवळून. हात आपोआप व्हर्नची गाठ मारतात, लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने शिकवल्यापासून. रोल टेबलावर ठेवला आणि सगळे गाठीकडे बघायला लागले. यूरेकने गाठीला बोट लावून काढून घेतलं. मी म्हटलं, चटका बसला का? तो म्हणाला, कोणी शिकवली ही? मी म्हटलं, आईने. डेस म्हणाला, सुरी द्या, कापतो. आणि मग सुरी हातात घेऊन तसाच बसला. शेवटी मीच पीळ उलटा फिरवून सोडली.

क्लॅरी जेवला नाही. त्याला तर गाठ दिसलीही नसणार.

संध्याकाळी पेटीतून नोकरीच्या जाहिरातीचं कात्रण काढलं. आमच्या स्टॅन्लीकडच्या छोट्या साप्ताहिकातलं. बेटाच्या मध्यावर डोंगरात स्वयंपाकीण हवी, तर जाहिरात होबार्टच्या पेपरात देतील, नाहीतर लॉन्सेस्टनच्या. आमच्या किनाऱ्याकडे कोण देतं? तिथे मासेमार राहतात आणि मी.

१५ एप्रिल

धुकं होतं. माणसं नळाच्या खालच्या टोकाला गेलेली. मी एकटी झडपघरात गेले.

टॅग चाकावर होता. व्हर्न ड्रान्सफील्ड. त्याचं अक्षर. व्ही-चा उजवा पाय वर नेऊन वाकवायची सवय, किराण्याच्या यादीतही तसंच. दोरा ओला, आणि गाठ ती.

मी तिथेच खुर्चीत बसले. आधी राग आला. कोणीतरी मला ओळखलं आहे आणि खेळवतं आहे, असंच वाटलं. मेसमध्ये माणसं जेवणाला नावं लिहितात तो फळा मी आल्यापासून रोज बघते. यूरेकचं अक्षर काटेरी. डेसचं छापील. क्लॅरी तर नुसती फुली मारतो. यांतलं कोणाचंच नाही. आणि अक्षर उतरवता येईल, गाठ कोणी उतरवेल? बघून येत नाही ती. व्हर्नच्या भावालाही आली नव्हती.

मी टॅगला हात लावला नाही. का, ते सांगता येत नाही. टॅग आहे म्हणजे माणूस आत आहे.

उठताना तोंडातून खाली पाहिलं. काळोख आणि ओल्या लाकडाचा वास. व्हर्नच्या स्वेटरला अकरा वर्षांनीही हाच येतो.

१६ एप्रिल

थेल्माच्या दुकानात गेले. पीठ हवं होतं. पीठ मोजता मोजता मी म्हटलं, मी पायबस नाही. ती म्हणाली, माहीत आहे, मर्ल ड्रान्सफील्ड. तू दर वर्षी इथल्या वीजघराच्या कचेरीला पत्र लिहितेस, नवऱ्याचा टॅग कोणी कापला म्हणून. गावात प्रत्येकाने तुझं अक्षर पाहिलं आहे.

मग तिने दुकानाचं दार लावून घेतलं.

दर वर्षी नळ रिकामा केला की तो टॅग येतो. पहिल्या वर्षी त्यांनाही थट्टा वाटली. नळ पूर्ण शोधला, एक चिमणीसुद्धा नाही. शेवटी कोणीतरी टॅग कापला आणि पाणी सोडलं. ज्याने कापला तो महिन्याभरात गेला. पुढच्या वर्षी पुन्हा टॅग, पुन्हा कोणी कापला, पुन्हा तेच. म्हणून घरं रिकामी. बाहेर सांगतात, वीजघर आता होबार्टहून चालतं, माणसं लागत नाहीत. काही खरंच त्यासाठी गेली. पण सगळी नाही.

गेल्या वर्षी तिच्या नवऱ्याने, केनने कापला. म्हणाला, अगं पुठ्ठा आहे तो. तो शेकोटीसमोर खुर्चीत बसलेला असताना ती लाकडं आणायला मागे गेली, परत आली तर तो ओलाचिंब. केसांतून पाणी. छातीत पाणी. शेकोटी पेटलेली.

ती म्हणाली, तुझी अकरा वर्षं झाली, बाई. माझं अजून वर्षही नाही. तुझ्या नवऱ्याला सांग आता पुरे म्हणून.

मी म्हटलं, कोणी कापला होता पहिला? ती पीठ बांधत राहिली. म्हणाली, अकरा पेन्स सुट्टे आहेत का— मग स्वतःच म्हणाली, पेन्स जाऊन किती वर्षं झाली, काय बोलते आहे मी.

१८ एप्रिल

डेस स्वयंपाकघरात आला. टोपी हातात. जाहिरात त्यानेच दिली. म्हणाला, यंदा कोणी कापायला तयार नाही, आणि मी सांगूही शकत नाही कोणाला. नळ फार दिवस कोरडा राहिला की फळ्या आकसतात, मग पाणी धरत नाही, सगळा नळ वाया जातो. उत्तरेला तेलावरचं वीजघर रात्रंदिवस चालतं आहे, आपली यंत्रं बंद म्हणून. होबार्टच्या कचेरीतून रोज विचारतात. म्हणाला, आम्ही कापतो म्हणून तो चिडतो. सोडायला हवा. तुम्हाला सोडता येतो. तुमच्या हाताने सुटला तर जणू त्यानेच काढला.

मी म्हटलं, आधी नाव सांगा.

दारातून क्लॅरी म्हणाला, मी.

त्याने बसून सांगितलं. माझ्याकडे बघत होता, पण नजर माझ्या खांद्याच्या बाजूला. त्या दिवशी संध्याकाळी सगळे वर आले. मोजले, एक टॅग जास्त. व्हर्न दिसेना. कोणी म्हणालं, त्याच्या बायकोचा वाढदिवस ना परवा? गेला असेल आधीची गाडी पकडून, दिवसभर तेच चाललं होतं त्याचं. टॅग विसरला बिचारा. आता निरोप पाठवा, तो अर्ध्या बेटावरून परत येणार, बायकोचा वाढदिवस बुडणार. सगळे म्हणाले, जाऊ दे रे, चांगला माणूस आहे. क्लॅरीने खिशातला चाकू काढला.

त्याच्यावर दया आली म्हणून कापला. मग चाक फिरवलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा डबा खुंटीला दिसला. तोवर नळ भरून वाहत होता. यंत्राच्या तोंडाशी जाळी आहे, तिथे काहीच आलं नाही. कधीच आलं नाही.

क्लॅरी म्हणाला, बाकी सगळ्यांना नेलं, पोरी. पहिला मी, आणि मला ठेवलंय. का ते मला कळत नाही.

मी त्यांना चहा दिला. दुसरं काय करणार. अकरा वर्षं मला वाटलं होतं, नाव कळलं की मी काहीतरी करीन.

१९ एप्रिल

रात्रभर विचार केला. आता लिहिते, सकाळचे पाव भट्टीत आहेत.

मी सोडणार नाही. सोडला तर त्याचा अर्थ, माणूस बाहेर आला. तो आलेला नाही. एकदा त्याच्या नावाने खोटं सांगितलं गेलं, दुसऱ्यांदा मी सांगणार नाही.

डेसला म्हटलं, तुम्ही दर वर्षी प्रेत शोधलंत. हाक कोणी मारली? तो म्हणाला, कोणीच नाही. म्हटलं, मी आत जाते. हाक मारते. तो आला तर आपला टॅग आपण काढील. नाही आला तर— तेव्हा बघू.

डेसने खूप समजावलं. यूरेक म्हणाला, मी येतो बरोबर. मी नको म्हटलं. तो म्हणाला, बाई, तुमचं सूप वाईट आहे पण तुम्ही परत या.

डेसने कबूल केलं. माझा टॅग चाकावर असेतो कोणी चाकाला हात लावणार नाही. कोणी कापणार नाही, मी मेले तरी. आणि मी तीच गाठ मारणार. ती माझ्याशिवाय इथे कोणालाच सुटत नाही. याहून पक्कं कुलूप नाही.

तरी मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. डेसला नळ भरायची घाई आहे. थेल्माला केन हवा आहे. कोणावर किती विश्वास ठेवायचा? क्लॅरीवर ठेवते. त्याचा चाकू मी मागून घेतला आहे.

२० एप्रिल

माझा वाढदिवस. कोणाला सांगितलं नाही, तरी थेल्माने टेबलावर लॅमिंग्टन केक ठेवला होता. निरोप नाही, काही नाही.

धुकं दाट. क्लॅरी खुर्चीवर. बाकीचे खाली वाटेवर थांबलेत, टॅग निघाले की क्लॅरी सांगेल, मग डेस भोंगा वाजवील आणि चाक फिरवायला वर येईल. कोट खुंटीला लावला, आत जाड स्वेटर आहे, व्हर्नचा. माझा टॅग लिहिला. मर्ल ड्रान्सफील्ड. खरं नाव. त्याच्या टॅगशेजारी बांधला. दोन एकसारख्या गाठी. क्षणभर बरं वाटलं.

वही बरोबर घेते. हातात काही असलं की हात स्थिर राहतात.

आत

तोंडाखाली बसले आहे. वरून उजेड पडतो, लिहिण्यापुरता. वर बघितलं की चाक दिसतं, आणि दोन्ही टॅग.

खूप आत जाऊन आले. विजेरीत फळ्या, कड्या, शेवाळ. हाक मारली. आवाज पुढे जातच राहतो, परत येत नाही. मी म्हटलं, व्हर्न, मी आहे. काम झालंय. चल वर. टॅग काढ आणि चल.

काही नाही. बसून राहिले. मग पुन्हा म्हटलं.

तेव्हा पावलं. ओल्या बुटांची. लांबून. घाई नाही, काम संपवून यावीत तशी—

विजेरी मीच विझवली. बघवलं नसतं. माझ्या अगदी जवळून गेली. गार. तोच वास. थांबली नाहीत. तोंडाच्या दिशेने गेली.

मी रडते आहे, पण बरं वाटतंय. तो बाहेर जातो आहे. अकरा वर्षांनी. मी त्याच्या मागे चालत इथवर आले आणि—

शिडी नाही.

शिडी वर ओढून घेतली आहे. इथून दिसते. नीट वळून खुंटीला लावली आहे.

खुंटीवर माझा कोट नव्हता. आता दिसला. चाकापाशी. कोणीतरी घातला आहे. बाहीतून पाणी—

त्याला नेहमी थंडी वाजायची.

त्याचा टॅग सुटला. कापला नाही. पीळ उलटा फिरवला, अलगद.

मी हाक मारते आहे. लाकूड आवाज खातं. तो खाली बघत नाही. काम संपलं की तो मागे—

आता माझी गाठ. बोटं पांढरी, फुगलेली, पण तशीच सावकाश. दोरा गुंडाळतो आहे—

क्लॅरीचा आवाज. आनंदात. क्लॅरी, मी इथे आहे— क्लॅरी म्हणतोय, आलीस पोरी, तुझा कोट दिसला. दोन्ही सोडलेस ना? शहाणी ग माझी. किती भिजलीस. जा, घरी जा आता, वाढदिवस आहे ना तुझा, थेल्माने सांगितलं. झाकण मी लावतो, डेसला मी सांगतो सगळे बाहेर आ—